लग्नमंडपातील परका साक्षीदार

मंगलाष्टके संपतात, वाजंत्री एकदम उसळते आणि अंतरपाट दूर होतो. वधूवरांनी एकमेकांकडे पाहण्याचा तो क्षण डोळ्याचे पाते लवण्याइतकाच असतो. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी येणारा ‘सावधान’ हा शब्द मंडपातील बहुतेक मंडळी केवळ सवयीने ऐकतात. कोणाचे लक्ष अक्षतांकडे असते, कोणाचे ओळखीच्या चेहऱ्यांकडे, तर कोणाचे पंगत कधी बसते याकडे. तो शब्द अक्षरशः पाळणारा एक माणूस मात्र तेथे हटकून असतो, आणि तो म्हणजे छायाचित्रकार. हार घालण्याचा अभिनय पुन्हा करवून घेता येतो. पण अंतरपाटापलीकडचा चेहरा प्रथम दिसताच वधूच्या मुद्रेवर जे उमटते, ते दुसऱ्यांदा उमटत नाही. ते टिपण्याची जबाबदारी या एकाच माणसावर असते.

पुढे वर्षानुवर्षे तो अल्बम घरोघर पाहिला जातो. कोण होते, कोण गेले, कोणाशी तेव्हा बोलणे होते आणि आता नाही, याची उजळणी होते. त्या पानांवर आचारी सापडतो, वाजंत्रीवाले सापडतात, मंडपाच्या कोपऱ्यात झोपी गेलेले मूलही सापडते. सापडत नाही तो एकटा छायाचित्रकार. दुसऱ्यांच्या आनंदाचा पुरावा जमा करणाऱ्या या माणसाचे काम किती, त्याला विसावा केव्हा आणि त्याच्या मेहनतीवर त्याचा हक्क कितपत, हा प्रश्न आपल्या समाजाने स्वतःला फारसा विचारलेला नाही.

प्रतिष्ठित कला, उपेक्षित व्यवसाय

वस्तुतः महाराष्ट्राचा छायाचित्रणाशी संबंध फार जुना आहे. दागेर याची प्रक्रिया पॅरिसमध्ये १८३९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली पडद्यावर आणण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा स्टुडिओ चालवला होता. त्या काळी छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते, असा समज समाजात होता. आज छायाचित्र नसेल तर लग्न झाल्यासारखेच वाटत नाही. विवाहनोंदणीच्या अर्जाबरोबर लग्नपत्रिका व लग्नातील छायाचित्र जोडण्याची पद्धत पडल्यापासून तर या चित्राला दस्तऐवजाची किंमत आली आहे. कलेची आणि कागदाची अशी दुहेरी प्रतिष्ठा वाढत गेली. कारागिराची प्रतिष्ठा मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

कृष्णधवल चित्रांच्या काळात तालुक्याच्या गावी एखाददुसराच स्टुडिओ असे. गळ्यात दोन भिंगांचा यशिका किंवा रोलिफ्लेक्स अडकवून छायाचित्रकार मंडपात उभा राही. त्या कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून पाहावे लागे आणि समोरचे दृश्य डावे-उजवे उलटे दिसे. एका रोलमध्ये चित्रे बारा. मध्यमवर्गीय लग्न दोनतीन रोलांत बसवायचे, म्हणजे प्रत्येक चित्रापूर्वी विचार आला. उटकमंडच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’ रोल मिळाला तर ठीक, नाहीतर परदेशी मालासाठी वाट पाहायची. लग्न आटोपल्यावर खरे काम सुरू होई. काळोख्या खोलीत रोल धुवायचा, हायपोच्या वासात तासन् तास उभे राहायचे, काचेवरच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने डाग झाकायचे. एखादा रोल खराब निघाला, तर यजमानांपुढे जाऊन उभे राहण्यासारखे दुसरे संकट नसे.

पुढे रंगीत चित्रे आली, मग व्हिडिओ आला आणि या शतकाच्या आरंभी रोलच नाहीसा झाला. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीला २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. काळोखी खोली गेली. पण काम हलके झाले काय? पूर्वी छत्तीस चित्रांवर भागत होते, तेथे आता हजारोंनी चित्रे निघतात. त्यांतून निवड करणे, रंग दुरुस्त करणे, अल्बमची पाने जुळवणे, चित्रफितीला संगीत जोडणे, हे सारे संगणकापुढे रात्री जागून करावे लागते. काळोख्या खोलीत निदान कोणी बोलावत नसे. आता लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी भ्रमणध्वनीवर विचारणा सुरू होते : फोटो केव्हा पाठवता?

पंचांगाची चाकरी

शिक्षकाला मे महिन्याची सुट्टी असते. कारकुनाला किरकोळ रजा, अर्जित रजा असते. लग्नाच्या छायाचित्रकाराची रजा पंचांग ठरवते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. पौषात, अधिक महिन्यात, गुरू-शुक्राच्या अस्तात पुन्हा खंड पडतो. शहरी गैरसोय पाहून पंचांगांतून आता गौण काळातले मुहूर्तही दिले जातात. तरीही वर्षाची मुख्य कमाई मोजक्या महिन्यांतच करावी लागते आणि ती बारा महिने पुरवावी लागते.

याचा परिणाम त्याच्या संसारावर होतो. वैशाखात लग्नांची गर्दी असते तेव्हा मुलांच्या शाळांना सुट्टी असते आणि बाप गावोगाव फिरत असतो. आषाढ-श्रावणात तो मोकळा होतो तेव्हा मुले शाळेत असतात. अक्षय्य तृतीयेला घरी पुरणपोळी शिजते आणि हा दुसऱ्याच्या पंगतीची चित्रे घेत असतो. सख्ख्या भाच्याचे लग्न ऐन मुहूर्ताच्या दिवशी आले, तर सहा महिने आधी स्वीकारलेले काम सोडायचे की बहिणीची समजूत काढायची, हा प्रश्न या धंद्यात कोणालाच चुकत नाही. बहुधा बहिणीचीच समजूत काढली जाते. गेलाच, तर तेथेही त्याच्या हाती कॅमेरा दिला जातो.

कामाचा दिवस सरळ नसतो. आदल्या संध्याकाळचे सीमांतपूजन, पहाटेची हळद, दुपारचा मुहूर्त, रात्रीचा स्वागतसमारंभ. मधल्या वेळात गौरीहरापाशी बसलेली वधू, कानपिळीसाठी अडून बसलेला मेहुणा, लाजाहोमाच्या धुराने लाल झालेले डोळे. कोणत्या विधीनंतर कोणता विधी येतो, वधूचा भाऊ केव्हा पुढे होतो, मामा कोणत्या बाजूने येतो, हे त्याला गुरुजींइतकेच पाठ असावे लागते; आणि जातीजातींत, जिल्ह्याजिल्ह्यांत ते वेगळे असते. वाद्यांचा आणि ध्वनिक्षेपकांचा कल्लोळ कानांवर, कॅमेऱ्याचे ओझे मानेवर. जेवण सर्वांत शेवटी, पुष्कळदा पंगती उठल्यावर. पाठवणीच्या वेळी सारे रडत असतात, तेव्हा एकट्याला डोळे कोरडे ठेवावे लागतात, कारण डोळ्यात पाणी आले तर चित्र बिघडते.

प्रवास आणि विसावा

बाहेरून पाहणाऱ्याला या व्यवसायातील हिंडणे मोठे मोहक वाटते. आज अलिबाग, उद्या महाबळेश्वर, परवा गोवा. लग्नाआधीच जोडप्याची चित्रे निसर्गरम्य ठिकाणी काढण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हा फिरस्तेपणा आणखी वाढला. पण तो प्रवास कसला? रात्रीच्या एसटीत साहित्याची पिशवी मांडीवर धरून बसायचे, डोळा लागला तर पट्टा मनगटाला गुंडाळलेला असतो. समुद्रकाठी पहाटेचा उजेड कोवळा असतो म्हणून सूर्योदयापूर्वी हजर व्हायचे आणि ऊन कडक झाले की परतीची गाडी धरायची. महाबळेश्वरला वीस वेळा जाऊन आलेल्या छायाचित्रकाराने तेथे घटकाभर निवांत बसून दरी पाहिलेली नसते. त्याने ती पाहिलेली असते ती कोणाच्या तरी खांद्यामागची पार्श्वभूमी म्हणून.

म्हणूनच चातुर्मासात तो काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. कॅमेऱ्याला कंटाळून तो कपाटात ठेवील, असे वाटते. घडते उलट. कोणी वारीबरोबर चार मुक्काम चालतो, कोणी भर पावसात सह्याद्रीतले गड चढतो, कोणी गावच्या तळ्यावर पाणपक्ष्यांची वाट पाहत बसतो. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे पाऊस ओसरू लागला की रानफुलांचा बहर येतो, आणि त्या बहरात गुडघे टेकून बसलेल्यांत लग्नाची छायाचित्रे काढणारेही असतात. फुलाला ‘जरा हसा’ म्हणावे लागत नाही आणि ते किती वाजता फोटो देता, असे विचारीत नाही. वर्षभर दुसऱ्याच्या इच्छेने पाहणाऱ्याला स्वतःच्या इच्छेने पाहायला मिळते, हाच त्याचा विसावा. विकली न जाणारी ही चित्रे त्याच्या संग्रहात सर्वांत जपून ठेवलेली आढळतात.

मात्र सक्तीचा विसावा कसा असतो, हेही या व्यवसायाने पाहिले आहे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि पुढे लग्नांना पन्नासच माणसांची मर्यादा आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसे आणि दोन तास इतकी आकुंचित झाली. सलग दोन उन्हाळ्यांचा हंगाम बुडाला. कर्जाने घेतलेल्या कॅमेऱ्यांचे हप्ते मात्र थांबून राहत नव्हते. पंचवीस माणसांत छायाचित्रकाराला धरायचे की नाही, असा प्रश्न अनेक घरांत निघाला आणि बहुतेक ठिकाणी भाच्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर काम भागवले गेले. असंघटित कामगारांची नोंद करण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘ई-श्रम’ सुरू केले. पण ज्याला समाज ‘स्टुडिओवाले शेठ’ म्हणतो, त्याने स्वतःला असंघटित कामगार म्हणवून घ्यावे, हे त्याला स्वतःलाही सहजासहजी सुचत नाही.

हक्क कोणाचा?

कायद्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या सतराव्या कलमान्वये, एखाद्याने मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, तो मोबदला देणाराच असतो. चित्र काढणारा नव्हे. कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क सत्तावन्नाव्या कलमाने त्याच्याकडे राहतो. पण तो बजावताना कोणी दिसत नाही. दुसरीकडे चित्रे वेळेवर दिली नाहीत वा बिघडली, तर ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून त्याला ग्राहक आयोगापुढे उभे करता येते. ग्राहकाला हे संरक्षण असलेच पाहिजे, कारण ज्याचे लग्न एकदाच होते त्याचे नुकसान भरून येत नाही. परंतु लग्नानंतर उरलेली रक्कम महिनोन् महिने थकवणारे यजमान, ठरल्यापेक्षा दुप्पट तास राबवून घेणारे यजमान, यांच्याविरुद्ध दाद मागायला हा माणूस जात नाही. त्याचा धंदा तोंडी शिफारशीवर चालतो. एका घराशी वाद म्हणजे दहा घरांतले काम गेले, हे तो ओळखून असतो.

यावर उपाय फार मोठा नाही. मंडप, केटरर आणि कार्यालय यांच्याशी जशी लेखी बोलणी होतात, तशी छायाचित्रकाराशीही व्हावीत. किती तास काम, किती चित्रे, केव्हा द्यायची, रक्कम कोणत्या टप्प्यांनी आणि चित्रे त्याला जाहिरातीसाठी वापरता येतील की नाही, एवढ्या पाच गोष्टी कागदावर आल्या, तरी दोन्ही बाजूंचे पुष्कळ मनस्ताप टळतील. आणि कराराच्या बाहेरची एक गोष्ट अशी, की पहिल्या पंगतीला नाही, तर निदान दुसऱ्या पंगतीला त्याचे पान मांडले जावे.

आता खिशाखिशांत कॅमेरा असताना या माणसाची गरज काय, असा प्रश्न काही जण विचारतील. चित्रे अमाप झाली, हे खरे. पण ती राहतात कोठे? जुन्या यंत्रात, विसरलेल्या संकेतशब्दामागे, बंद पडलेल्या डिस्कवर. पाव्हण्यांनी घेतलेली शेकडो चित्रे वर्षभरात पांगतात. छायाचित्रकार देतो ते केवळ चित्र नव्हे; या घरातला प्रत्येक वडीलधारा एकदा तरी नीट टिपला गेला पाहिजे, ही जबाबदारी तो घेतो. मंडपाच्या मागच्या खुर्चीवर बसलेल्या, ‘माझा कशाला’ म्हणणाऱ्या आजोबांपुढे जाऊन तो दोन मिनिटे थांबतो.

याचे मोल घराला पुढे कळते. मराठी घरांतील भिंतींवर हार घातलेल्या तसबिरी पाहिल्या, तर त्यांतील कितीतरी तसबिरी कोणाच्या ना कोणाच्या लग्नातल्या चित्रातून कापून मोठ्या केलेल्या असतात. आयुष्यभर स्टुडिओची पायरी न चढलेल्या माणसाचा चेहरा कुटुंबाजवळ राहिला, तो मुलीच्या किंवा नातवाच्या लग्नात कोणीतरी त्याला दोन मिनिटे थांबवले म्हणून. त्या तसबिरीला रोज फूल वाहिले जाते. ती कोणी काढली, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. निदान त्याचे पैसे तरी वेळेवर पोचले होते ना, एवढे त्या घराला खात्रीने सांगता आले पाहिजे.