कान न पिळता शिस्त

मुंबईच्या मालाड उपनगराच्या उत्तरेला बोरिवलीत ‘डॉन बॉस्को’ आणि दक्षिणेला अंधेरीत ‘सेंट डॉमिनिक सावियो’ या सेलेशियन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंच्या शाळा आहेत. त्यांच्या शिस्तीचा पाया इटलीतील तुरिनचे धर्मगुरू जॉन बॉस्को (1815–1888) यांनी घातला. शहरात कामासाठी आलेल्या, तुरुंगाच्या वाटेवरच्या पोरांना त्यांनी गोळा केले आणि 1877 मध्ये आपली ‘प्रतिबंधक पद्धत’ एका छोट्या निबंधात मांडली.

शिस्तीचे दोन मार्ग त्यांनी सांगितले. एकात नियम जाहीर करायचे, मग मोडणाऱ्याला पकडायचे. दुसऱ्यात मोठ्यांनी मुलांमध्येच वावरायचे, म्हणजे चूक घडण्याआधीच टोकता येते. विवेक, धर्म आणि माया हे या दुसऱ्या, म्हणजे प्रतिबंधक, पद्धतीचे तीन आधार. मारणे, त्रास होईल असे गुडघ्यांवर बसवणे, कान ओढणे या शिक्षा त्यांनी साफ नाकारल्या. अशा शिक्षांनी मूल चिडते आणि शिक्षकाचीच पत जाते, हे त्यांचे कारण. मधल्या सुट्टीत शिक्षकाने मैदानावर असणे म्हणूनच या परंपरेत पहाऱ्यापेक्षा सोबतीचे काम ठरते. रात्री झोपण्यापूर्वी मुलांशी चार शब्द बोलण्याची त्यांची प्रथा दिवसाच्या शाळांत सकाळच्या छोट्या बोलण्यावर आली.

अशा शिस्तीतून मुलांनी जी जीवनकौशल्ये शिकावीत, त्यांची आजची यादी बरीच नंतरची. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात सांगितलेल्या दहा कौशल्यांत निर्णय घेणे, दुसऱ्याचे दुःख समजणे, भावना आवरणे यांचा समावेश आहे. फळ्यावर लिहून ही येत नाहीत. भांडण झाले की त्यांचा कस लागतो.

बॉस्कोंच्या पद्धतीची मर्यादाही इथेच दिसते. चूक होऊन गेल्यावर शिक्षकाची नाराजी हीच शिक्षा, असे ते मानत. पण मायाच आखडती घेणे संवेदनशील मुलाला छडीहून जास्त लागू शकते, आणि ज्याचे नुकसान झाले तो मुलगा बाजूलाच राहतो. ही उणीव सलोख्याची शिस्त भरून काढते. तिचा एक उगम 1974 मध्ये कॅनडातील एल्मायरा गावी सापडतो. तोडफोड केलेल्या दोन तरुणांना नुकसान झालेल्यांच्या दारात नेण्यात आले, त्यामागे मेनोनाइट पंथाचे कार्यकर्ते होते. शाळेत हेच बैठकीच्या रूपात होते : काय झाले, कोणाला लागले, भरपाई कशी करायची, आणि ती ठरवताना दोन्ही मुले समोरासमोर.

भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातली. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या, म्हणजे ख्रिस्ती संस्थांच्याही, शाळा या कायद्याबाहेर राहिल्या. मारहाणीला फौजदारी कायदा आहेच. त्याअलीकडचे नियम शाळेने स्वतः घालून पाळायचे असतात.