छताला टेकलेला फायकस

दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलच्या दाराशी, आणि आता बहुतेक घरांच्या हॉलमध्येही एक फायकस असतोच. नर्सरीतून आणतो तेव्हा गुडघ्याएवढा असतो. आठ-दहा वर्षांत छताला टेकतो आणि मग घरात प्रश्न उभा राहतो, ह्याचं करायचं काय?

आमचा फायकस मामंजींनी 2008 साली, निवृत्त झाले तेव्हा आणला. पुढे ते गेले, जुनं घरही गेलं. 2021 मध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आलो. झाड सात फूट, बाल्कनी चार फूट! सासूबाई धारवाडकडच्या, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. त्यांनी निकाल देऊन टाकला : झाड कुणाला द्यायचं नाही आणि कापायचंही नाही. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजं करायचं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. पुष्कळांना तसंच वाटतं, म्हणून आधी त्याविषयी.

वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक आणि हा फायकस ही सगळी एकाच कुळातली भावंडं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं ते जुन्या तटाच्या भेगेत किंवा स्लॅबच्या कडेला. तिथे मूठभर धुळीवर पिंपळ वर्षानुवर्षं जगतो, आणि जागा नाही म्हणून लहानच राहतो. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीने किडलं म्हणून 1925 मध्ये काढून टाकलं. वड पारंब्यांवर अजून पसरतोच आहे. बंगळूरजवळच्या रामोहळ्ळीच्या ‘दोड्ड आलद मर’चीही तीच कथा. थोडक्यात, कापणं ह्या जातीला नवं नाही. आणि उपाशी म्हणाल तर बोन्सायच्या कुंडीत माती इतकी थोडी असते, की पाणी आणि खत नेहमीच्या कुंडीपेक्षा जास्त वेळा द्यावं लागतं. उपाशी ठेवलेलं झाड बोन्साय होत नाही, मरतं.

तरी अव्वांचा जीव काही कापायला होईना. मग मी गुटी कलमाचा मार्ग काढला. आंब्या-पेरूच्या बागा असलेल्यांना हे सांगायला नको. 2022 च्या मे अखेरीस, जमिनीपासून दीड फुटावर, खोडाची दोन बोटं रुंद साल गोल काढली. आतला हिरवट थर खरवडला, ओलं मॉस गुंडाळलं, वर प्लास्टिक घट्ट बांधलं. पावसाळी हवेत साधारण दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मुळं चांगली भरली, की त्याखाली करवत लावायची. वरचा भाग वेगळं झाड म्हणून जगतो. आमचा वरचा भाग नणंदेच्या शेताच्या बांधावर गेला. (घराच्या भिंतीजवळ, विहिरीजवळ किंवा ड्रेनेजजवळ मात्र ही जात कधी लावू नका. मुळं सगळं उकरून काढतात.)

इथे एक पाहून घ्या. पान लांबट आणि टोकाला शेपटीसारखं निमुळतं असेल तर तो बेंजामिना. जाडसर, बोथट असेल तर नांद्रुक. नांद्रुकाला बोडक्या फांदीवरही कोंब येतात. बेंजामिनाची फांदी पूर्ण बोडकी केली तर पुष्कळदा वाळूनच जाते. आमचा बेंजामिना, म्हणून गुटीच्या खाली दोन पानाळ फांद्या राखूनच जागा निवडली.

खोड आणि मुळं एकाच वर्षी कापायची घाई मी केली नाही. मुळांचं काम 2023 च्या मिरगाला. ह्या झाडाला ऊब आणि दमट हवा लागते. डिसेंबरच्या थंडीत कुंडी बदलू नये. कुंडीतून काढलं तर मुळं जिलेबीसारखी गोल फिरलेली. ती जाड विणकामाच्या सुईने हळूहळू सोडवली. सरळ खाली जाणारी जाड मुळं कापली. खोडाभोवती पसरलेली आणि बारीक तंतुमुळं ठेवली. एकूण तिसरा हिस्सा गेला असेल. कुंडी उथळ, साधारण खोडाच्या जाडीएवढी खोल, आणि भोकांवर जाळी. आपल्याकडची लाल माती एकटी वापरली तर पावसात चिखल होतो, म्हणून विटांचा चाळलेला चुरा दोन भाग, जाड वाळू एक, कुजलेलं शेणखत एक. झाड तारेने कुंडीला बांधून टाकायचं, नाहीतर वाऱ्याने हलतं आणि कोवळी मुळं तुटतात. मग तीन आठवडे सावली, महिनाभर खत बंद. ह्या काळात पानं गळतात, घाबरू नये.

कापलं की पांढरा चीक येतो. तो हाताला खाजतो, डोळ्यात गेला तर वाईट. मांजर-पिल्लू असेल तर जपा. पाणी फवारलं की थांबतो.

पुढचं काम सोपं, पण न कंटाळता करायचं. फांदीला सहा-सात पानं आली की दोन ठेवून खुडायची. वळण द्यायला अल्युमिनियमची तार गुंडाळायची. पण फायकस पटकन जाड होतो, सहा आठवड्यांनी तार सालीत रुतते का ते बघायचं. रुतली तर तुकडे करून काढायची, उलगडत बसायचं नाही.

शाळेतल्या कन्नडात ‘गिड’ लहान आणि ‘मर’ मोठं. आपल्याकडे बोलताना मात्र वडालाही गिडच म्हणतात. शेजारच्या अज्जींनी बाल्कनीत डोकावून विचारलं, ‘‘इदु गिड एन्री, मर एन्री?’’ माझ्याआधी अव्वाच म्हणाल्या, ‘‘मर.’’ सकाळचं पाणी हल्ली त्याच घालतात, माझ्यावर त्यांचा भरवसा नाही.

खालच्या फांदीला आता दोन पारंब्या सुटल्या आहेत. हवेत लोंबकळत राहिल्या तर उन्हाळ्यात वाळतील, म्हणून त्या शीतपेयाच्या नळीत ओलं मॉस भरून मातीपर्यंत उतरवायच्या आहेत. नळी उभी चिरून घेतली की नंतर काढायला सोपी जाते.