दोन याद्या आणि एक सुनीता

आमच्या बचत गटांच्या दोन याद्या एक करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा वाटलं होतं दुपारच्या चहापर्यंत उरकेल. एक यादी साताऱ्याकडची, दुसरी सांगलीकडची. लग्न होऊन या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात गेलेल्या बायकांची माहेरच्या गटातली शिल्लक सासरच्या गटात वळती करायची होती. आता तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके आधी साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. सोयरिकींना ती हद्द कधी कळलीच नाही!

भाचीने एक्सेलमधलं 'व्हीलुकअप' शिकवून ठेवलं होतं. एका यादीतलं नाव ते दुसऱ्या यादीत शोधतं आणि समोरची रक्कम उचलून आणतं. चालवून पाहिलं, तर निम्म्या बायका 'एन/ए'. म्हणजे सापडतच नाहीत!

मग एकेक नाव बघत बसले. इकडे 'सुनीता', तिकडे 'सुनिता'. आपल्याला कळतं, पण मशीनला ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे दोन वेगळ्या बायका. कुठे नावानंतर चुकून एक मोकळी जागा पडलेली, ती तर डोळ्यांना दिसतही नाही. 'साताऱ्या'तला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो अगदी सारखा, आणि मशीन म्हणतं, वेगळा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी असेल तर विचारूच नका. वर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं भरलेली असतात.

हे निस्तरता येतं. पण खरी गोम पुढे होती. माहेरच्या यादीत वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, सासरच्या यादीत नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. पुरुषाची नोंद जन्मभर एकाच नावाने चालते. आपली नोंद लग्नात तुटते, आणि जुळली नाही की 'बाई सापडत नाही' असा शेरा बसतो.

उलटही होतं. आमच्या भागात पाटलांना काय तोटा? 'सुनीता पाटील' तीन निघाल्या आणि व्हीलुकअपने पहिलीच सापडली तिची रक्कम तिघींपुढे मांडली. सूत्राच्या शेवटी 'फॉल्स' लिहायचं राहिलं, तर भलतीच्याच ओळीतली रक्कम बिनदिक्कत येऊन बसते. 'एन/ए' दिसतं तरी. ही चूक दिसत नाही, म्हणून तिची मला जास्त भीती वाटते.

नावापेक्षा नंबर बरा, हे खरं. पण खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला की सुरुवातीचं शून्य उडतं, आणि पंधराच्या पुढचे अंक एक्सेल चक्क शून्य करून टाकतं. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करायचा. मोबाइल नंबरावर जुळवायला गेलं तर तो निम्म्या जणींनी नवऱ्याचाच दिलेला.

आमचा आवाका तो केवढा! २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये. २०२५ मध्ये सरकारने ती यादी इतर खात्यांच्या माहितीशी ताडली. सव्वीस लाखांवर लाभार्थी प्रथमदर्शनी अपात्र दिसले आणि त्यांची पडताळणी जिल्ह्यांकडे गेली. चौदा हजारांवर पुरुष लाभ घेताना सापडले, तेव्हा ताडून पाहणं हवंच होतं, यात वाद नाही. पण 'प्रथमदर्शनी' या शब्दात नाव न जुळलेली एखादी खरीखुरी बाईही असू शकते. तिने तहसीलला किती खेपा घालायच्या?

साताऱ्यात याची दुखरी गोष्ट आहे. मुलगी नको म्हणून 'नकुशी' नाव ठेवलेल्या अडीचशेहून जास्त मुलींना जिल्हा परिषदेने ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभाने नवी नावं दिली. छानच झालं. पण नाव बदललं की शाळेचं रजिस्टर, रेशनकार्ड, जन्मदाखला प्रत्येक ठिकाणी ते वेगळं बदलावं लागतं. एखाद्या कागदावर राहून गेलं की याद्या जुळवताना ती पोर पुन्हा नकुशी.

आम्ही शेवटी जुन्या नावाचा एक रकाना वाढवला. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव आणि गटाने दिलेला एक नंबर, जो लग्नाने बदलत नाही. तरीही अकरा 'एन/ए' उरले. त्यांना फोन लावले. विट्याचं माहेर आणि कराडचं सासर असलेली एक जण म्हणाली, "ताई, माझे पैसे बुडाले असंच मी धरून चालले होते. विचारायला लाज वाटायची." तिची माहेरची शिल्लक दोन हजार तीनशे चाळीस रुपये होती. दुसऱ्याच दिवशी आईचं जुनं पासबुक घेऊन ती एसटीने आली.