इतिहासाचा पदवीधर आणि त्याच्या पुढील वाटा



मुलानें वा मुलीनें बी. ए. ला इतिहास हा विषय घेतला कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. "इतिहासानें पोट भरतें काय?" हा त्यांचा प्रश्न अवाजवी नाहीं, फीचे पैसे मोजणारास तो विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून त्याचें उत्तर भावनेनें न देतां हिशेबानें दिलें पाहिजे.

प्रथम हा विषय काय शिकवितो तें पाहूं. सनावळ्या पाठ करणें म्हणजे इतिहास नव्हे. कोणीं कांहीं सांगितलें असतां "हें कशावरून?" असें विचारणें, कागद अस्सल कीं बनावट, लिहिणारानें पाहिलेलें सांगितलें कीं ऐकलेलें, त्याचा हेतु कोणता, हें पारखणें आणि मगच निर्णय देणें, ही त्याची खरी तालीम होय. बाजारांत मोल येतें तें या तालमीस. नुसत्या पदवीस नव्हे.

परिचित वाट अध्यापनाची. माध्यमिक शाळेसाठीं पदवीनंतर बी. एड्., आणि महाविद्यालयासाठीं एम्. ए. होऊन नेट किंवा सेट परीक्षा. मात्र जागा थोड्या व उमेदवार फार, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी वाट सरकारी सेवेची. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याहि शाखेचा पदवीधर बसूं शकतो. मुख्य परीक्षेंत इतिहास वैकल्पिक म्हणून घेतां येतो. त्याच्या २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. तथापि यश मिळविणारे मूठभर; म्हणून हातांत दुसरें कांहीं नसतां या एकाच वाटेवर उमेदीचीं वर्षें घालवूं नयेत.

तिसरी वाट पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालयें यांची. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना १८६१ सालची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत या शास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण मिळतें. येथें उन्हांत उभें राहून माती चाळण्याची तयारी हवी. संग्रहालयांत वस्तूंची नोंद, जतन आणि लोकांस समजेल अशी मांडणी हीं कामें असतात.

चौथी वाट दप्तरखान्याची; हिच्याकडे आपले तरुण फार थोडे वळतात. १८९१ मध्यें कलकत्त्यास सुरू झालेलें व आतां दिल्लींत असलेलें राष्ट्रीय अभिलेखागार अभिलेखशास्त्राची एक वर्षाची पदविका देतें. पुण्याच्या पुरालेखागारांत पेशवे दप्तराचे असंख्य कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० नंतर त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. तरी उरलेला ढीग मोठाच आहे, आणि त्यांतील बहुतेक कागद मोडींत आहेत. हें ज्ञान केवळ संशोधकाच्या कामाचें आहे असें समजूं नये. २०२३ सालीं जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां मोडी वाचणारांची निकड सर्वांस कळली. जमिनीचे जुने व्यवहार व घराण्यांचीं दप्तरें यांसाठींहि असा वाचक लागतो.

याशिवाय तीन वर्षांचें कायद्याचें शिक्षण, वृत्तपत्रें, ग्रंथसंपादन, पर्यटकांस स्थळदर्शन घडविणें, हीं क्षेत्रें आहेतच. वकिलाचा पुरावा आणि वार्ताहराची बातमी, दोन्हींस तोच "कशावरून?" लागू पडतो.

तेव्हां पालकांस विनंती ही कीं, मुलाला विषय बदलण्याचा आग्रह करण्यापूर्वीं तो विषयाबरोबर आणखी काय शिकणार आहे, तें विचारावें. विद्यार्थ्यानें पदवीच्या तीन-चार वर्षांत मोडीसारखी एक लिपि, फारसीसारखी एक जुनी भाषा आणि संगणकावर नोंदी ठेवण्याचें एक कसब हस्तगत करावें. तिन्ही न जमल्यास एक तरी पक्कें करावें. नुसती पदवी घेऊन रांगेंत उभे राहणारे पुष्कळ आहेत. जुना कागद हातीं देतांच तो वाचून त्याचा खरेखोटेपणा सांगणारे थोडे आहेत, आणि काम त्यांची वाट पाहत आहे.