फुटबॉलपटूंच्या संग्राह्य कार्डांचे बाजारमूल्य : स्वरूप व निर्धारक घटक

प्रस्तावना :
मुलांनी खाऊच्या पैशांतून विकत घ्यावा आणि वहीत चिकटवावा, एवढ्याच हेतूने छापलेला चित्रयुक्त कागद कालांतराने लाखो डॉलरना विकला जातो, ही बाब मूल्यसिद्धांताच्या दृष्टीने विचारार्ह आहे. इटलीतील मोदेना येथे १९६१ मध्ये पानिनी बंधूंनी फुटबॉलपटूंच्या चित्रसंग्रहाचा व्यवसाय सुरू केला. १९७० च्या मेक्सिको विश्वचषक स्पर्धेच्या अल्बममुळे त्यास आंतरराष्ट्रीय स्वरूप प्राप्त झाले.

मूल्याचे निर्धारक घटक :
कार्डाच्या मूल्याचा उत्पादनखर्चाशी फारसा संबंध नसतो. पहिला घटक म्हणजे खेळाडूची कीर्ती. त्यातही कारकिर्दीच्या आरंभीच्या, म्हणजे 'रूकी' कार्डास विशेष मागणी असते. लिओनेल मेस्सीचे २००४-०५ च्या 'मेगाक्रॅक्स' मालिकेतील ७१ क्रमांकाचे कार्ड हे याचे ठळक उदाहरण होय. दुसरा घटक दुर्मिळतेचा. जुनी चित्रे मुलांनी चिकटवली, हाताळली व टाकून दिली. म्हणूनच कोऱ्या स्थितीत उरलेल्या मोजक्या प्रतींस मोल आले. आधुनिक कार्डांत मात्र प्रतींची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवून व त्यांवर क्रमांक छापून दुर्मिळता निर्माण केली जाते.

तिसरा घटक भौतिक स्थितीचा. १९९१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली पीएसए ही संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग व छपाईचे मध्यसंतुलन तपासून १ ते १० अशी श्रेणी देते. दिएगो मॅराडोना यांच्या १९७९-८० च्या पानिनी स्टिकरची १० श्रेणीप्राप्त प्रत २०२१ मध्ये सुमारे साडेपाच लाख डॉलरना विकली गेली. श्रेणी एका अंकाने घटली तरी किमतीत मोठी तफावत पडू शकते.

बाजाराची अस्थिरता :
कोविड काळात मागणी एवढी वाढली की मार्च २०२१ मध्ये पीएसएला आपल्या बहुतांश सेवा तात्पुरत्या स्थगित कराव्या लागल्या. २०२२ मध्ये अनेक कार्डांचे भाव उतरले. कार्डापासून व्याज वा लाभांश मिळत नाही. पुढील ग्राहकाची इच्छा हाच त्याच्या किमतीचा आधार असतो.

निष्कर्ष :
लिलावातील उच्चांकी किंमत एका विशिष्ट प्रतीची व एका विशिष्ट दिवसाची असते. तीच सर्व प्रतींचे मूल्य मानणाऱ्याची फसगत संभवते. म्हणून प्रतीची अस्सलता, तिची श्रेणी, त्या श्रेणीतील एकूण प्रती आणि अलीकडील अनेक व्यवहार यांची पडताळणी केल्याखेरीज संग्रहास गुंतवणूक समजणे धोक्याचे ठरते.