चप्पल कधी निसटली?

मुळशी तालुक्यातल्या भरे गावात आम्ही काही डॉक्टर आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. भातकापणी उरकली होती, खाचरं मोकळी पडली होती, त्यामुळे माणसं निवांत होती. शाळेच्या वर्गात दोन बाकं जोडून आमची ओपीडी सुरू झाली. रक्तदाब, साखर, गुडघे, असं शिबिरात येतं तेच सगळं आलं. दुपारी एक सून सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आली. आबांचं वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काटक. काय होतंय विचारलं तर म्हणाले, “मला काय न्हाय होत. हिलाच इचारा.”

सून म्हणाली, “आबांची चप्पल पायातून निसटते आन् त्यांना कळतच न्हाय. परवा घरातून निघाले दोन चपला घालून, पारावर पोचले तवा एकच व्हती. दुसरी मला वाटंत सापडली.”

मागे बसलेली दोन-चार माणसं हसली. आबाही हसले. मला हसू आलं नाही, कारण ही तक्रार कुठे नेते ते मला माहीत होतं.

आपल्याकडचे न्यूरॉलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन रुग्णाला हा प्रश्न मुद्दाम विचारतात: चप्पल पायातून निसटते का, आणि निसटल्याचं तुम्हाला कळतं का? या प्रश्नाचे दोन भाग आहेत. चप्पल निसटते, म्हणजे अंगठा आणि बोटांची पकड सैल झाली आहे. निसटल्याचं कळत नाही, म्हणजे तळपायाची खबर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदूकडून पायाकडे जाणारा हुकूम आणि पायाकडून मेंदूकडे येणारी खबर, दोन्ही बिघडले असतील तर दोघांच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. ही वाट मानेतून जाते.

मी आबांना वर्गातल्या फरशीच्या रेघेवरून, पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ते कलंडले. मग म्हटलं, “आबा, मूठ मिटा आणि पूर्ण उघडा. जमेल तितक्या भरभर.” घड्याळ लावून दहा सेकंद मोजले. निरोगी माणूस दहा सेकंदांत वीसेक वेळा किंवा त्याहून जास्त मूठ उघड-मीट करतो. आबांचे नऊ झाले, आणि शेवटच्या तीन वेळा करंगळी पूर्ण उघडलीच नाही. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. तळपायावर बोथट टोकानं रेघ ओढली तर अंगठा खाली वळण्याऐवजी वर गेला.

तेवढ्यात सुनेनं पिशवीतून जुने कागद काढून बाकावर ठेवले. त्यात एक केसपेपर होता, सव्वादोन वर्षांपूर्वीचा. त्यावर माझंच अक्षर होतं. ‘हातापायाला मुंग्या, अशक्तपणा. बी-१२, कॅल्शियम. १५ दिवसांनी.’

त्या दिवशी ओपीडीत किती माणसं होती, मला आठवत नाही. दीडशेच्या खाली नसावीत. पण ही सबब आहे. हातोडी माझ्या टेबलाच्या खणात होती, आणि ती काढून गुडघ्यावर मारायला अर्धा मिनिट लागला असता. बी-१२ कमी झालं तरी हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. त्यामुळे औषध अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. न तपासता ते लिहिलं, चूक तिथे झाली.

या आजाराला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. मानेच्या मण्यांमधून मज्जारज्जू खाली उतरतो. जाडीला तो साधारण आपल्या करंगळीएवढा. मानेत ज्या हाडाच्या नळीतून तो जातो तिचा समोरून मागे व्यास साधारण १७ मिलिमीटर. वय वाढतं तशा मणक्यांमधल्या गाद्या सुकतात, मागे फुगतात; हाडाच्या कडांना काटे फुटतात; आतले पट्टे जाड होतात. काहींच्या बाबतीत तर मणक्यांच्या मागच्या बाजूचा लांब पट्टाच हाडासारखा कडक होतो. नळी १३ मिलिमीटरच्या खाली आली की मज्जारज्जूची अडचण होऊ लागते. दहाच्या खाली गेली की तो चेपला जाण्याचा धोका मोठा. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते, त्यांना हे लवकर भोगावं लागतं. प्रौढ आणि वयस्क माणसांत मज्जारज्जू बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. डोक्यावर भारे वाहिलेल्या शेतकऱ्यांत मी हा आजार पाहिला, आणि आयुष्यभर खुर्चीत बसून लेजर लिहिणाऱ्या बँकेतल्या कारकुनांतही पाहिला.

घरोघरी ‘मणक्यात गॅप’ हा शब्द ऐकू येतो. बहुतेकदा त्याचा अर्थ नेमका उलटा असतो. दोन मणक्यांमधलं अंतर वाढलेलं नसतं, गादी झिजून ते कमी झालेलं असतं. आणि चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेत ही झीज दिसतेच. नुसत्या झिजेला ऑपरेशन लागत नाही. मान दुखते, हातात कळ जाते, अशा बहुसंख्य रुग्णांना काही आठवड्यांत औषधं आणि व्यायामानंच बरं वाटतं, हे मी रोज पाहतो. म्हणून एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरून येणाऱ्यांना मी आधी खुर्चीवर बसवतो आणि रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांना तपासतो. तेही आता, पूर्वी नव्हे.

मायलोपॅथीची पंचाईत अशी की ती बहुधा दुखत नाही. माणूस दुखण्यासाठी दवाखान्यात येतो. दुखत नसेल तर ‘वय झालं’ म्हणून घरी बसतो. आबांची मान एकदाही दुखली नव्हती. पण मागे वळून पाहिलं तर सगळं होतं. दोन वर्षांपूर्वी सदऱ्याची बटणं लावायला सुनेची मदत लागू लागली. तळहातावर तंबाखू मळताना चुना सांडू लागला. बँकेत सही जुळेना, म्हणून अंगठा घेतला. पहाटे अंधारात बाहेर पडलं की पाय अडखळायचे. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, कारण पायाची खबर येत नसल्यामुळे सगळा कारभार डोळ्यांवर चालला होता. शेवटी ते खाचराच्या बांधावरून पडले, तेव्हा ‘चक्कर आली’ म्हणून गोळ्या मिळाल्या. बायकांमध्ये हाच आजार चुलीपाशी कळतो. भाकरी थापताना हात साथ देत नाही, तांदूळ निवडताना खडा चिमटीत येत नाही. इस्राएलमधल्या एका अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचं आढळलं होतं. यातलं माझं योगदान वर सांगितलंच आहे.

शिबिरात त्या दिवशी माझ्या सांगण्यानंतर सर्वांत आधी बोलले ते आबांचे शेजारी. “मणक्याचं आप्रेशन केलं का मानूस जागेवर पडतो. आमच्या पाव्हन्याचं तसंच झालं.” हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे, आणि ते पूर्ण खोटं नाही. ऑपरेशननंतर अधू झालेली माणसं गावाला दिसतात. ती ऑपरेशनच्या आधी किती अधू होती, किती उशिरा पोहोचली, हे गावाला दिसलेलं नसतं. मज्जारज्जू फार काळ चेपला गेला की त्यातल्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सर्जन जागा मोकळी करू शकतो, मेलेलं जिवंत करू शकत नाही. त्यामुळे या आजारात मी रुग्णाला ‘बरं व्हाल’ असं सांगत नाही. बिघाड तिथेच थांबेल, आणि जे शिल्लक आहे त्यातलं काही सुधारेल, असं सांगतो. थोडक्या त्रासात ऑपरेशन झालेल्यांना जास्त परत मिळतं, हे मोठ्या अभ्यासांतही दिसलं आहे आणि वॉर्डातही दिसतं.

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. पण काय करतात ते सांगता येईल. दोन वाटा आहेत. एक समोरून: गळ्याच्या बाजूनं, अन्ननलिका आणि श्वासनलिका अलगद बाजूला सारून फुगलेली गादी काढायची आणि तिथे हाडाचा तुकडा किंवा धातूचा ठोकळा बसवायचा. ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि अजून टिकून आहे. दुसरी मागून. अनेक मणक्यांवर दाब असेल तर मागची हाडाची कमान काढून टाकतात, किंवा दाराच्या फळीसारखी एका बाजूनं उघडून ठेवतात. ही दार उघडण्याची युक्ती १९७० च्या दशकात जपानी सर्जननी बसवली, कारण पट्टा हाडासारखा होण्याचा प्रकार त्यांच्याकडे जास्त.

एक गोष्ट मुंबईची. कवटी जिथे मानेवर बसते तिथले पहिले दोन मणके फार अवघड जागी आहेत. ते जन्मजात सैल असतील तर विशीतल्या मुलालाही असाच त्रास होतो. ते एकमेकांना बांधायला पूर्वी तारा वापरत. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल यांनी या दोन्ही मणक्यांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीनं जोडण्याची पद्धत विकसित केली आणि १९९४ मध्ये ती प्रसिद्ध केली. जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये तिचं वेगळं रूप मांडलं, आणि आता जगभर ती ‘गोयल-हार्म्स’ नावानं ओळखली जाते. गोयल यांचं पुढचं म्हणणं असं की वयोमानाच्या मायलोपॅथीतही खरा दोष दाबाचा नसून मणक्यांच्या सैलपणाचा असतो. हे सगळ्या सर्जनना मान्य नाही, त्यावर परिषदांमध्ये जोरात वाद होतात. वाद असू द्या. महापालिकेच्या रुग्णालयात, जमिनीवर गाद्या टाकून रुग्ण झोपवावे लागतात अशा ठिकाणी, हे काम झालं, याचा मला सरकारी नोकर म्हणून आनंद आहे.

धोके आहेतच. समोरून ऑपरेशन झालं तर काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज घोगरा होतो. शंभरातल्या पाचेक जणांना खांदा उचलायची ताकद काही काळ जाते, बहुतेकांना ती काही महिन्यांत परत येते. थोड्यांना जंतुसंसर्ग होतो, आणि फार थोड्यांची अवस्था आधीपेक्षा वाईट होते. हे सगळं आबांना आणि त्यांच्या मुलाला सांगितलं. मुलगा पिरंगुटच्या एका कंपनीत कामाला. त्याला पैशांची धास्ती होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया त्यात येतात, हे त्याला माहीत नव्हतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेट, एवढं त्याला कागदावर लिहून दिलं.

आणखी एक गोष्ट मला त्याच दिवशी कळली. मधल्या काळात आबांना मान मोडून घ्यायला दोनदा नेलं होतं, एकदा हाडवैद्याकडे आणि एकदा सलूनमध्ये. दाढीनंतर डोकं धरून खटकन मान फिरवतात, तसं. माझ्या पोटात गोळा आला. अरुंद नळीत चेपलेल्या मज्जारज्जूला असा एक झटका पुरतो. रात्रीतून चारही हातपाय गेलेली माणसं मी दाखल करून घेतली आहेत. ज्याला चालताना तोल सावरत नाही किंवा मान वाकवली की पाठीतून विजेची तार लागल्यासारखी झिणझिणी जाते, त्याच्या मानेला न तपासता कोणीही हात लावू नये. पायांची ताकद भराभर जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर पुढच्या ओपीडीची वाट पाहू नये, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

आबांचा एमआरआय आला. तीन ठिकाणी दाब होता, आणि एका ठिकाणी मज्जारज्जूत पांढरा डाग. हा डाग म्हणजे आतली इजा. पुण्यात मागून ऑपरेशन झालं, साडेतीन तास चाललं. ऑपरेशनच्या आधी मी त्यांना भेटायला गेलो आणि सव्वादोन वर्षांपूर्वीच्या त्या केसपेपरबद्दल सांगितलं. तेव्हा मी नीट तपासलं नाही, म्हटलं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तवा मीबी चपलीचं काय बोललो नव्हतो.” त्यांनी मला सोडवलं, पण ते खरं नाही. विचारायचं काम माझं होतं.

त्याला आता आठ महिने झाले. काठी सुटलेली नाही. बांधावरून चालणं बंद, लावणीला ते आले पण खाटेवर बसून नुसत्या सूचना देत होते, आणि त्या कोणी ऐकत नव्हतं, अशी सुनेची तक्रार. तिनं त्यांना मागं पट्टा असलेली सँडल आणली आहे. बटणं मात्र त्यांची ते लावतात, वरचं एक सोडून.

गेल्या आठवड्यात ते ओपीडीत आले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, “लावा घड्याळ.” मूठ उघडत-मिटत त्यांनी स्वतःच मोठ्यानं मोजलं. रांगेतली माणसं वाकून बघू लागली. दहा सेकंदांत सोळा झाले. आबांच्या मते सतरा.