परदेशी इलेक्टिव्ह: आधी प्रश्न, मग अर्ज

रायगडातल्या पेण-रोह्याच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने परदेशी इलेक्टिव्हसाठी, म्हणजे परदेशातल्या रुग्णालयातल्या ऐच्छिक प्रशिक्षणासाठी, शहर निवडण्याआधी स्वतःचा प्रश्न ठरवावा. असा प्रश्न घराजवळही सापडतो: विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अनेकांचे जीव वाचवले. ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, म्हणजे जगाच्या उपयोगाचं ज्ञान याच रायगडात तयार झालं. मग परदेशी जावंच कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो, पण अपुरा आहे: अतिदक्षता विभागाची शिस्त आणि काटेकोर नोंदी तिथे जवळून पाहता येतात. मात्र पदवी मिळाल्यावर अमेरिकेत बहुधा नुसतं निरीक्षणच वाट्याला येतं, म्हणून विद्यार्थीदशेतच जाणं बरं. महाविद्यालयाचं शिफारसपत्र, लसीकरणाच्या नोंदी, विमा, व्हिसा यांना महिने लागतात. खर्चाचा हिशेब तर त्याआधीच घरी मांडावा.